वासरू उजाडल्यावर झालं

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले. सासूशी बोलले, नवऱ्याशी बोलले, रेशनच्या दुकानदाराशी तर हसत हसत बोलले. त्यातलं एकही मला झोंबत नाही. एकच खोटं आहे, अकरा वर्षांची असताना गोठ्याच्या दारात उभी राहून बोललेलं, तीन शब्दांचं. ते अजून माझ्या नरड्यात अडकून आहे. दरवर्षी भादवा लागला की ते वर येतं.

ही गोष्ट कारंज्याची, पन्नास साल ओलांडल्यानंतरची. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हतं, आम्ही अकोला जिल्ह्यातले. गाव कापसाच्या बाजाराचं, पण भादव्यात कापूस शेतातच असतो. बाजारात माझे बाबा तोलार होते, त्या महिन्यात त्यांचा काटा नुसता टांगलेला असायचा. काका सरकी काढायच्या जिनात कामाला, तोही बसून. त्यामुळे पोळ्याचे बैल धुऊन झाले रे झाले की सगळं गाव सणाच्या मागे लागायचं. आणि आमच्या गल्लीत सण म्हणजे महालक्ष्म्या.

काही लोकांच्या गौरी पाच खड्यांत भागतात, हे मला लग्नानंतर कळलं आणि मी त्यांच्या तोंडावर हसले होते. आमच्या लक्ष्म्या म्हणजे दोघी बहिणी, घरातल्या बायकांएवढ्या उंच. खाली पत्र्याच्या कोठ्या, त्यांत गहू आणि ज्वारी, वर मुखवटे, अंगावर लुगडी, नाकात नथ. पुढ्यात त्यांची दोन बाळं, एक पोरगा, एक पोरगी, तीही मुखवट्यांचीच, अंगात झबली घातलेली. डोक्यावर फुलोरा, म्हणजे करंज्या नि पापड्या दोऱ्यानं टांगलेल्या. मुक्काम तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाचा दिवस सगळ्यांत मोठा. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. संध्याकाळी आम्ही पोरी नवीन परकर नेसून घरोघरी लक्ष्म्या पाहत फिरायचो आणि कुणाची थोरली जास्त हसरी दिसते यावर भांडायचो.

मी आठ वर्षांची असताना आमच्या घरात हा सण मोडला.

काकूचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. रिसोडकडच्या एका खेड्यातली पोरगी, अठरा-एकोणीस वर्षांची, अंगानं काटकुळी, हसली की आधी पदर तोंडावर घेणारी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. पोरगी झाली. पोरगी अडीच महिन्यांची झाली तेव्हा माझ्या मायनं निरोप धाडला, "लक्ष्म्याच्या आधी ये. लेकराले त्यायच्या पायावर घालू." पावसाचे दिवस, अर्धा रस्ता बैलगाडी, पुढे एसटी. काकू लेकराला छातीशी धरून चिंब होऊन आली. पोरगी गोरी, डोक्यावर भरपूर जावळ. अंगात काकूनं स्वतः शिवलेलं पिवळं झबलं होतं, गळ्याशी लाल दोऱ्याची टीप. तिचं नाव ठेवलं होतं. ते मी इथं लिहीत नाही, ते काकूचं आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मायनं तिला पाटावर, लक्ष्म्यांच्या बाळांच्या शेजारी निजवलं. सगळे हसले. मी म्हटलं, "लक्ष्मीले आता तीन लेकरं!" काकूनं पदर तोंडावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. माय म्हणाली, प्रवासाचं आहे, उतरेल. बाबा वैद्याला आणायला गेले. मी पाट्यावर पुरण वाटणाऱ्या बायकांच्या मध्ये बसून पुरणाचा गोळा चोरून खात होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून काकूचा आवाज आला. तो आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही, आणि यायला पण नको. नैवेद्य अजून दाखवायचा होता.

मग काय? लक्ष्म्या तशाच उपाशी उठवल्या. मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेले, फुलोरा तोडला, सोळाच्या सोळा भाज्या गुरांपुढे ओतल्या. काकानं लेकरू घेतलं आणि तलावापलीकडे जाऊन पुरलं. बायका जात नसतात. पुढं काकूनं विचारलं, कुठं? काका म्हणाला, "तिकडं, बाभयीपाशी." त्या बाजूला बाभळी शंभर असतील.

आणि गल्लीतल्या बायका भेटायला आल्या त्या कुणासाठी रडल्या, सांगू? सणासाठी! "अवो माय, भरल्या घरातला सन अडला वं!" असा गळा काढायच्या. पोरगीच होती, अडीच महिन्यांची होती, तिच्यासाठी किती रडायचं, असा हिशेब असावा. काकू कोपऱ्यात बसलेली असायची. तिच्या चोळीवर दुधाचे डाग फुटायचे आणि ती ते पदरानं झाकायची.

आमच्याकडचा नियम असा. ज्या सणाच्या दिवशी घरात माणूस जातं, तो सण त्या घरात बंद. पुढं कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच सण मोकळा होतो. दिवस तोच हवा. आणि आपला दिवस सूर्य उगवल्यापासून धरतात, रात्रीचं ते आदल्या दिवसाचं. बाबांनी हे मला नीट समजावून सांगितलं होतं. मी नीट ध्यानात ठेवलं होतं.

पुढची दोन वर्षं लक्ष्म्यांच्या दिवसांत आमचं घर मुकं असे. सगळ्या गल्लीत पुरणाचा वास, आणि आमच्याकडे भाकरी नि पिठलं. दाराला तोरण नाही, रांगोळी नाही. मला इतका राग यायचा की मी जेवणाच्या दिवशी मुद्दाम पाय आपटत घरात फिरायची. शाळेतल्या पोरी विचारायच्या, "तुमच्या घरी काहून नाही बसत लक्ष्म्या?" त्यांना ठाऊक असायचं, तरी विचारायच्या, मेल्या!

पण त्या दोन वर्षांत काकूला त्या दिवशी कुणी काम सांगत नसे, हे मी पाहिलं होतं. एरवी ती पहाटेपासून जुंपलेली. पाणी, शेण, दळण, भाकरी, धुणं. त्या एका दिवशी माझी माय, जी कुणाला बसू देणाऱ्यांतली नव्हती, ती स्वतः म्हणायची, "तू बस व." काकू मागच्या दाराच्या पायरीवर दिवसभर बसायची. रडायची नाही. मांडीवर हात ठेवून समोर बघत राहायची.

दुपारी तिथं चाची यायची. चाची म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्यातली, बांगड्या भरणारी. लक्ष्म्यांसाठी गल्लीतल्या सगळ्या बायकांना ती बांगड्या भरे, आमच्या घरात मात्र त्या दिवशी तिचं काही काम नसे. तरी यायची. पेटी खाली ठेवून काकूच्या शेजारी बसायची, पान लावायची, अर्धं काकूला द्यायची. तिची स्वतःची तीन लेकरं गेली होती. दोघी फार बोलायच्या नाहीत. एकदा मी आडून ऐकलं. चाची म्हणाली, "बाल कैसे थे बेटी उसके?" काकू म्हणाली, "लय होते. कानावर येत." एवढंच.

तिसऱ्या वर्षी आमची तांबडी गाय गाभण होती. दिवस भरत आले होते ते नेमके भादव्यात. घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण बाबा रोज संध्याकाळी तिच्या अंगावरून हात फिरवून यायचे आणि माय त्यांच्या तोंडाकडे पाहायची. मी तर देवाला इतकं छळलं! मारुतीला रोज अकरा फेऱ्या घातल्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी नको, पुढंमागं नको, जेवणाच्याच दिवशी. मला नवीन परकर हवा होता, फुलोरा हवा होता, पोरी आमच्या दारात यायला हव्या होत्या. मला सण हवा होता. काकूचा विचार माझ्या मनात आला नाही, अगदी खरं सांगते.

लक्ष्म्या गावात आल्या त्या संध्याकाळी गाय अस्वस्थ झाली. उठबस करत होती. बाबा म्हणाले, "उद्या होईन." मी आनंदानं जेवलेही नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा झुंजुमुंजू होतं. मशिदीतली अजान होऊन गेली होती, अंगणात धूसर दिसत होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. मी धावत गोठ्यात गेले. वासरू झालेलं होतं. नुसतं झालेलं नव्हतं, उभं होतं. अंग कोरडं, केस चाटून नि पुसून गुळगुळीत, गाईच्या कासेला ढुशा देत होतं. जार पडून गेली होती आणि कुणीतरी ती उचलूनही नेली होती. वासराच्या पायाशी ओला फडका पडला होता. काकूच्या विटक्या हिरव्या लुगड्याचा. तो तुकडा मला चांगला माहीत होता, आदल्या दिवशी तो दोरीवर वाळत होता.

मला सगळं कळलं. वासरू रात्रीच झालं होतं, अजानच्याही खूप आधी. काकू उठून आली होती, तिनं गाईचं सगळं केलं होतं, वासरू पुसलं होतं, आणि कुणालाही न उठवता परत जाऊन पडली होती. रात्रीचं वासरू म्हणजे आदल्या दिवसाचं वासरू. सण अडलेलाच.

मी फडका उचलला आणि कडब्याच्या गंजीत खोल कोंबला. मग दारात उभी राहिले. किती वेळ उभी राहिले देव जाणे. पायांना मुंग्या आल्या. समोरच्या कवलांवर पहिलं ऊन पडलं तेव्हा मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "माय! बाबा! गाय जनली! आपला सन मोकया झाला!"

घर धावत आलं. माय, बाबा, काका. सगळ्यांच्या मागे काकू, केसांत काड्या, डोळे सुजलेले. बाबांनी वासराच्या अंगावरून हात फिरवला. त्यांचा हात थांबला. शहाणा माणूस होता, कोरडं अंग हाताला कळणारच. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कवा झालं, बाई?"

"वासरू उजाडल्यावर झालं," मी म्हटलं.

"तू पाह्यलं?"

"माह्या डोयानं."

आता सांगते, बाबांना विश्वास ठेवायचा होता. नाहीतर अकरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? त्यांनी एकदा वर उन्हाकडे पाहिलं आणि हात जोडले. माय तर मटकन खालीच बसली आणि गाईच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली. काका हसत होता. तीन वर्षांत त्याला मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी काकूकडे पाहिलं. काकू माझ्याकडेच पाहत होती. वाटलं, आता बोलणार. आता म्हणणार, खोटं बोलते पोरगी, रातीच झालं, मी पुसलं त्याले. तिच्या तोंडात शब्द आलाही असेल, ओठ हलले. मग तिनं कडब्याच्या गंजीकडे पाहिलं, फडक्याचं हिरवं टोक बाहेर राहिलं होतं. ती गेली, बोटानं ते आत सारलं आणि म्हणाली, "चुलीवर पानी ठेवतो, बाई."

त्या दिवशी आमच्या घरात जी धांदल उडाली तशी पुढं कुणाच्या लग्नातही पाहिली नाही. जोशीबुवांनी सांगितलं, आजच उभ्या करा, आजच जेवू घाला, उद्या सगळ्यांसोबत उठवा. दोन दिवसांचं काम एका दिवसात! गल्लीतल्या बायका न बोलावता आल्या. कुणी पडवळ आणलं, कुणी दोडके, कुणी अळूची पानं. भाज्या मोजल्या तर चौदाच, मग दोन घरांतून दोन वाट्या मागून आणल्या. डाळ शिजायला पडली. माय सगळ्यांच्या वर आवाज चढवून हुकूम सोडत होती, "तू पुरन वाट! तू कनिक तिंब! अवं, तू बसली काहून?" हे शेवटचं काकूला. काकू दोन मिनिटं मागच्या पायरीवर जाऊन टेकली होती. ती लगेच उठली आणि पाट्यावर बसली. दिवसभर तिनं पुरण वाटलं. त्याच पाट्यावर, त्याच जागी.

मी तिच्या आसपास घोटाळत होते. भीती वाटत होती, दुसरं काय? दर वेळी ती मान वर करून बघायची तेव्हा वाटायचं, आता सांगेल. आणि दर वेळी ती फक्त कपाळावरचा घाम मनगटानं पुसायची आणि पुन्हा वाटायला लागायची.

माळ्यावरून मुखवटे काढले. धोतर सोडलं तर दोघी बहिणी जशाच्या तशा, डोळे मोठे, ओठ लाल. पण बाळांची झबली उंदरांनी कुरतडून चिंध्या केल्या होत्या. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "आता उघडी ठेवू काय लेकरायले?" शिवायला वेळ नव्हता. एका शेजारणीनं पोराचा सदरा दिला, तो दुमडून लक्ष्मीच्या पोराला घातला; पोरीला काही उरलं नाही.

काकू पाट्यावरून उठली. हात धुतले, पुसले. आतल्या खोलीत तिच्या माहेरच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिवळं झबलं होतं, गळ्याशी लाल टीप घातलेलं. तिनं ते मायच्या हातात दिलं.

मायनं ओळखलं. मी पाहत होते ना, मायचे हात थांबले. त्या क्षणाला ती म्हणू शकली असती, राहू दे व, हे नको. पण खोलीत दहा बायका होत्या आणि नैवेद्याची वेळ होत आली होती. मायनं झबलं लक्ष्मीच्या पोरीच्या अंगात चढवलं, मागून बंद बांधले आणि म्हणाली, "बरं झालं." बायका म्हणाल्या, "बाप्पा! कसं मापात बसलं!"

तिसऱ्या प्रहरी चाची आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दरवर्षीसारखी मागच्या दारानं आली, पायरीशी थांबली, पायरी रिकामी. आत पाहिलं तर दिवे, माणसं, गडबड. ती परत फिरणार तेवढ्यात मायनं पाहिलं. "चाची! चाला चाला, आज सगळ्यायले बांगड्या भरा. आमचा सन मोकया झाला!"

चाचीनं पेटी उतरवली. मायला भरल्या, शेजारणींना भरल्या, मला भरल्या, हिरव्या, वर सोनेरी ठिपके. काकूचा नंबर शेवटी आला. हात पुरणानं मऊ झालेला, बांगड्या सरासर चढल्या. चाचीनं तिचा हात सोडला नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बेटी, आज तो..." आणि तेवढ्यात मायची हाक आली, "अवं, आरतीचं तबक कोठं ठेवलं?" काकू उठून गेली. चाचीनं पेटी बंद केली. पुढच्या वर्षापासून ती त्या दिवशी सकाळीच येऊन बांगड्या भरून जाऊ लागली, इतर घरांसारखीच.

संध्याकाळी पोरी आल्या. मी नवीन नाही, पण ठेवणीतला परकर नेसून दारात उभी होते. सगळ्या म्हणाल्या, तुमची थोरली सगळ्यांत हसरी. मी तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. मी मात्र त्यांच्यासोबत पुढच्या घरी गेले नाही.

पुढं सण कधी अडला नाही. काकूला नंतर दोन मुलगे झाले, धडधाकट, आता त्यांचीच नातवंडं झाली. माय गेली, बाबा गेले, काका गेला. लक्ष्म्या काकूच्या थोरल्याकडे राहिल्या. दर भादव्यात त्या उभ्या राहतात आणि दर वेळी लक्ष्मीच्या पोरीच्या अंगात तेच पिवळं झबलं असतं. घरातल्या सुनांना वाटतं, ते लक्ष्मीचंच आहे.

मी साठीची झाले तेव्हा एका भादव्यात मुद्दाम कारंज्याला गेले. काकू सत्तरीला टेकली होती, पाठीतून वाकली होती. जेवणाचा दिवस होता. आत सुनांचा गलका, पोळ्यांचा धूर. दुपारी ती जरा मागच्या पायरीवर येऊन टेकली, आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पन्नास वर्षं जे आवळून धरलं होतं ते मी एका दमात बोलून टाकलं. वासरू रातचं होतं. मी खोटं बोलले. फडका मी लपवला.

"मले का मालूम नाही?" काकू म्हणाली. "मीच त पुसलं होतं त्याले."

"मंग बोलली काहून नाही तू?"

ती थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "सगळे हासून राह्यले होते वं. तुहा काका हासून राह्यला होता. तुहे बाबा हात जोडून उभे. मी कशी म्हनू, थांबा, हा दिवस माह्या हाय?" मग म्हणाली, "म्हटलं, एक जन तरी इचारीन. दिवसभरात एक जन तरी म्हनीन, तुले कसं वाटते आज? इचारलं असतं त सांगून टाकलं असतं. मी लय वाट पाह्यली, बाई. चाचीच्या तोंडात आलं होतं, पन तेवढ्यात माय आली तुही." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू इचारशीन वाटलं होतं. तुले त ठाऊक होतं."

मी दिवसभर तिच्या भोवती घोटाळत होते. ती दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी समजत होते ती माझं खोटं उघडं पाडणार. ती वाट पाहत होती!

तिला जागा नव्हती, बाभळी शंभर होत्या. श्राद्ध नव्हतं, एवढ्याशा लेकराचं करत नसतात. नाव घरात कुणी घेत नव्हतं. वर्षातला एक दिवस होता तिच्याजवळ, पायरीवर बसायचा. तो मी घेतला. एका परकरासाठी.

मी तिचा हात धरला. शेवटी जे तेव्हा विचारायचं होतं तेच विचारलं, "काकू, आज कसं वाटते तुले?"

तिनं खरंच विचार केला. समोर बघत राहिली, मांडीवर हात ठेवून, तशीच.

"थे दोन वर्सं मी इथं बसून राहो, अन् थे मले दिसे," काकू म्हणाली. "केस, कान, सगळं. मंग पुरनात हात गेले. दरसाली काही ना काही काम. आता बसलो तरी दिसत नाही, बाई. चेहराच आठोत नाही."

आतून धाकट्या सुनेनं सासूला हाक मारली, "आत्याबाई, चाला, आरती थांबली हाय तुमच्यासाठी!" काकूनं पायरीला हात टेकला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, उठली, आणि पदर खोचून आत गेली.